आईला दिलेला आराम

नाताळ तोंडावर आलेला, घराची निम्मी साफसफाई अजून व्हायची, आणि दादा सकाळी कामावर निघताना दाराशीच उभा राहून ओरडत होता, "माझ्या कोटाचं बटण कुठं गेलं?"

वाचकहो, बटण जाणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. तुमच्याआमच्या घरी जातंच. पण या घरात गेले काही आठवडे जे चाललं होतं, त्याला काय म्हणावं हे कुणालाच कळत नव्हतं. आधी उशीचा अभ्रा एका बाजूने उसवला. मग बाहेरच्या खोलीतल्या पडद्याची खालची टीप सुटली आणि पडदा पायांत येऊ लागला. मग दादाच्या पँटचा खिसा असा उसवला, की त्यात टाकलेली किल्ली थेट बुटात! आणि आता हे बटण. बरं, बटण तुटून पडलं असतं तर जमिनीवर सापडायला हवं होतं ना? ते सापडलं कोटाच्याच आतल्या खिशात, अगदी जपून ठेवल्यासारखं.

"बटण काय आपल्या पायांनी चालत जाऊन खिशात बसलं?" दादाने विचारलं.

"तुम्हीच ठेवलं असेल," त्याची बायको ओव्हनची काच घासता घासता म्हणाली.

"मी ठेवलं असतं तर असा शोधत बसलो असतो का?"

"तुमचं काही सांगता येत नाही."

दादाचा पहिला संशय कपडे धुण्याच्या मशीनवर. त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने मशीन उघडलं, आत हात घालून सगळं चाचपलं आणि म्हणाला, "साहेब, मशीन ठणठणीत आहे. पण पडदेही यातच धुतलेत का?" पडदे तर गेल्या उन्हाळ्यापासून धुतलेच नव्हते!  मग संशय उंदरावर गेला. पिंजरा आणला, त्यात पावाचा तुकडा लावला. तो पाव वाळून खडखडीत झाला, पण उंदीर काही आला नाही. शिवाय उंदीर कुरतडतो, तो टाके मोजूनमापून सोडवत नाही. दादाचं डोकं भणभणायला लागलं.

आता या घराबद्दल थोडं सांगायला हवं. दादा टपाल कचेरीच्या पार्सल विभागात मुकादम. बायको शाळेत शिक्षिका. मुलगी सात वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचं तोंड क्षणभर मिटत नसे. आणि घरात दादाची आई. या बाईने नवऱ्यामागे शिवणाच्या मशीनवर दोन मुलं वाढवली. आसपासच्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश तिच्या हातचे. कुणाचा कपडा आखूड झाला, फाटला, उसवला, की तो आईच्या दारात.

दादाने एक दिवस ठरवलं, की पुरे झालं. आईच्या वाढदिवसाला त्याने स्वतः तिचं मशीन चादरीत गुंडाळलं आणि अडगळीच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या मागे नेऊन ठेवलं. "आई, आता तू सुईलासुद्धा हात लावायचा नाहीस. फक्त आराम!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कचेरीत, नातेवाइकांत, दादा छाती पुढे काढून सांगायचा, "आईला मी घरात काडी उचलू देत नाही." ऐकणारे म्हणायचे, मुलगा असावा तर असा.

आणि खरंच, कुणी तिला काही करू देत नव्हतं. ती भाजी निवडायला बसली की सून सुरी काढून घ्यायची, "आई, तुम्ही बसा हो." ती घड्या घालायला गेली की दादा म्हणायचा, "राहू दे ना, मी आहे की." काही उसवलं की ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जायचं, नाहीतर जुन्या कपड्यांच्या पिशवीत. पडद्याचं झालं तेव्हा आईने हात पुढे केला होता, "दे इकडे." पण दादा म्हणाला, "छे छे, नवाच आणू!"

गंमत अशी, की आराम सुरू झाल्यापासून आई वाळत चालली होती. जेवणात लक्ष नाही, बोलणं तर निम्म्यावर आलेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तब्येतीत काही दोष नाही. मग दोष होता तरी कशात? दादाला ते कळेना. आतल्या आत त्याला भीती वाटू लागली, की आई आपल्या हातातून निसटते आहे.

नाताळच्या आधी या घरात रात्रीच्या जेवणाला एक खेळ चालायचा. दिवसभरात कुणी काय गड जिंकला, ते प्रत्येकाने सांगायचं. बायको म्हणाली, "ओव्हनची काच आरशासारखी झाली, जाऊन तोंड बघा!" चिमणी म्हणाली, "मी नाताळच्या झाडाचे सगळे दिवे सोडवले, एकही गाठ राहिली नाही!" दादाने वर्षभर अडकलेला कप्पा उघडला होता, त्याने तो दहा वेळा उघडून मिटून दाखवला. मग सगळे आईकडे बघायचे. आई हसून म्हणायची, "मी काय, बसले होते." आणि पुढचा घास ढकलायची.

अशातच दादाची पाठ गेली. नाताळचे दिवस, पार्सलांचा नुसता डोंगर. मुकादमाने खरं तर उभं राहून देखरेख करायची, पण एक जड पेटी अडली म्हणून दादा वाकला आणि कळवळून खालीच बसला. उसण भरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर सक्तीची विश्रांती.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दादा वेडापिसा झाला. तेवढ्यात नाताळसाठी मावशी राहायला आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही, पण मन लोण्यासारखं. दादा ताट उचलायला गेला, मावशी ओरडली, "हात लावू नकोस!" चांदणीचा कंदील खिडकीत लावायला खुर्ची ओढली, बायको धावली, "तुम्ही बसा बघू!" चिमणीसुद्धा बोट नाचवत म्हणाली, "बाबा, आराम!"

"अरे, मी काय शोकेसमध्ये ठेवलेली बाहुली आहे का?" दादा उसळला. "तुम्ही सगळे कामं करता आणि मी भिंत बघत बसायचं? अशाने माणूस दुखण्याने नाही, बसून मरेल!"

मावशी त्याच्याकडे जरा निरखून बघत राहिली. 

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको आणि चिमणी शाळेत, मावशी बाजारात. दादा पाणी प्यायला उठला आणि भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे निघाला. वाटेत आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आई खिडकीशी बसली होती. मांडीवर स्वच्छ धुतलेला अभ्रा, हातात टाचणी. एकेक टाका ती उचलत होती, सोडवत होती, निघालेला दोरा बोटाभोवती गुंडाळत होती. चेहरा इतका शांत, की दादाने तसा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. एक बाजू पूर्ण उसवल्यावर तिने अभ्र्याची नीट घडी घातली आणि कपाटात सगळ्यांत वर ठेवून दिली.

दादाचं पाणी प्यायचंच राहिलं. म्हणजे उंदीर नाही, मशीन नाही, आई! पण का? जिने जन्मभर फाटलेलं शिवलं, ती धडधाकट शिवण उसवते? आईच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही? रागवावं, रडावं की विचारावं, त्याला काही सुचेना. बायको आल्यावर त्याने तिला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. तीही चक्रावली. "नाताळ होऊ दे," ती हळूच म्हणाली, "मग मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तोपर्यंत त्यांना एकटं सोडायला नको."

पण नाताळपर्यंत थांबावं लागलंच नाही. दुसऱ्याच दिवशी चिमणीच्या शाळेत नाताळचा कार्यक्रम होता. ती चांदणी होणार होती. त्यासाठी दुकानातून पांढरा झगा आणलेला, खाली झालरीवर झालर. निघायच्या थोडं आधी तिने तो घातला, आनंदाने गिरकी घेतली, आणि टर्रकन आवाज आला. कमरेपासून खालपर्यंत सगळी शिवण उघडी!

चिमणीने भोकाड पसरलं. बायकोने शिंप्याला फोन लावला, तर तो म्हणाला, नाताळची गर्दी आहे, परवा बघतो. आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "आई! हासुद्धा तूच उसवलास?"

 रडणारी चिमणीही थांबली.

 आई पुढे आली, झग्याची कड हातात घेतली, बोटाने चाचपली. मग म्हणाली, "हे मी केलेलं नाही. नीट बघ. शिवणीला कापडच सोडलेलं नाही, अगदी कडेवर टीप मारली आहे, ती सुटणारच. मी उसवते तेव्हा कापडाचा एक धागा ओढला जात नाही." तिने मान वर केली. "आणि चिमणीच्या झग्याला मी हात लावेन, असं तुला वाटलं तरी कसं रे?"

"मग बाकीचं?" दादा गोंधळून म्हणाला. "अभ्रे, पडदा, माझा खिसा? का, आई?"

आईने झग्याची झालर सारखी केली. "मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, आई, एवढं जरा शिवून देता का. पण तुम्ही शिंप्याकडे देता. नाहीतर नवं आणता."

 मावशी पुढे सरसावली.

"ऐकलंस? तुला पाठीमुळे तीन दिवस बसवलं तर तू घर डोक्यावर घेतलंस. हिची पाठ तर धडधाकट आहे, डोळे शाबूत आहेत, आणि हिला तू वर्षभर बसवून ठेवलीस!"

"पण मावशी, तिने आयुष्यभर कष्ट केले. तिला सुख मिळावं म्हणूनच..."

"कष्ट नकोतच, कोण म्हणतं? रात्र रात्र जागून वीस गणवेश शिवायला लाव, असं मी म्हणते का? पण कष्ट काढून घेताना तू तिची गरजही काढून घेतलीस. या घरात आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे रोज सकाळी उठून समजणं म्हणजे आराम नव्हे बाळा. तिला काय हवं, हे एकदा तरी विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं! मशीन चादरीत गुंडाळताना दादाने सगळ्यांकडे पाहिलं होतं, टाळ्या ऐकल्या होत्या, फक्त आईच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. तो आईपुढे आला, पाठीत कळ आली तरी वाकला, आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले. "आई, चुकलो मी. चिमणीचा झगा शिवून देशील?"

आईने डोळे पुसले ते पदरानेच, आणि पुढच्या क्षणी तिचा आवाज बदलला. "मशीन काढा आधी! तेलाची बाटली कुठं आहे? आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ माझ्या उशीखाली आहे, ते आण गं चिमणे!"

मग काय धांदल उडाली! बायकोने आणि मावशीने खोकी इकडेतिकडे फेकली, मशीन ओढत बाहेर आणलं. दादा हात लावायला गेला तर बायको ओरडली, "तुम्ही बसा!" पण म्हणता म्हणता ती थबकली, हसली आणि म्हणाली, "बरं, तुम्ही दोरा ओवा." दादाने दोरा ओवला. पहिल्या दोन वेळा तो नेढ्याच्या बाजूने गेला, तेव्हा आईने त्याला यथेच्छ नावं ठेवली. मशीन जरा कुरकुरलं, तेल पडल्यावर सुरात आलं, आणि वर्षभरानंतर त्या घरात टीप पडल्याचा आवाज घुमला. आईने आतून पट्टी लावून सगळी शिवण दोनदा मारली. चिमणीने गिरकी घेतली, अजून एक घेतली, झगा जागचा हलला नाही!

कार्यक्रमाला ते जरा उशिरा पोचले, पण चांदणीची पाळी यायच्या आत. रात्री जेवायला बसल्यावर सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई ताठ बसून म्हणाली, "मी आज झगा शिवला. आणि उद्या तो पडदा द्या माझ्याकडे. नवा आणाल तर बघा." आणि तिने स्वतःहून आणखी भात वाढून घेतला.

वाचकहो, आपल्या घरातही कुणीतरी असं खिडकीशी बसलेलं असेल. आपण त्यांना मायेने म्हणतो, तुम्ही बसा, तुम्हाला कशाला त्रास. माया खरी असते, पण त्या मायेने आपण त्यांना घरच्या माणसांतून उठवून पाहुण्यांत बसवतो. म्हाताऱ्या माणसांवर ओझं टाकू नका, पण त्यांच्या हातातलं काम त्यांना न विचारता काढूनही घेऊ नका. विचारा. जेवढं झेपेल, जेवढं आवडेल, तेवढं त्यांचं त्यांना करू द्या!

दादा हे शिकला, पण अर्धवटच. नाताळ झाल्यावर तो एके सकाळी आईसमोर कोट घेऊन उभा राहिला. "आई, परत बटण तुटलं बघ."

आईने चष्मा लावला, कोट उजेडात धरला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुटलं? अरे, हे कात्रीने कापलंय. आणि तेही धड नाही, कापडाला केवढं भोक पाडलंस!"

दादा कानापर्यंत लाल झाला. आतून बायकोचं हसू ऐकू आलं.

आईने सुई उचलली. "नुसतं सांगत जा रे मला," ती म्हणाली. "आता कुणाला काही उसवायला नको."