पांढऱ्या झग्याच्या दुमडी

"यंदाही पांढराच? अगं, तुझी लेक एव्हाना नांदत असेल कुठेतरी. लग्न झालेलीला पांढरा झगा कोण घालू देतंय?" शेजारची पॉ थू कुंपणावरून बोलली.

"तू तुझी भाजी निवड," मू ब्ले म्हणाली. झोपडीच्या खांबाला सूत आणि कमरेला पट्टा बांधून ती विणत राहिली. नदी ओलांडताना नऊ वर्षांच्या पोरीचा हात सुटला, त्याला तेरा वर्षं झाली. निर्वासितांच्या छावणीत आल्यापासून मू ब्ले दर वर्षी अंदाजाने थोडा मोठा झगा विणायची आणि आधीचा कुणाच्या तरी पोरीला देऊन टाकायची. यंदाचा विणून होत आला होता; मग फक्त शेवटची शिवण उरणार होती.

दुपारी सो क्वे आला. तो पलीकडच्या डोंगरांत औषधं पोचवायचा आणि दर खेपेला तिच्या लेकीची चौकशी करायचा.

"मावशी, बस आधी. सापडली तुझी लेक. तू सांगितलेला भुवईवरचा व्रण मी डोळ्यांनी बघितला. नवरा बरा आहे. चार वर्षांची पोरगी आहे."

मू ब्लेला रडू आलं. झगा मांडीवर तसाच होता, आणि लग्न होऊन आई झालेल्या लेकीसाठी आपण अजून कुमारिकेचा झगा विणत होतो, याची तिला लाजही वाटली. पॉ थू कुंपण ओलांडून तिच्याजवळ येऊन बसली.

"उद्या सकाळी परत निघतोय. काही द्यायचंय?" सो क्वेने विचारलं.

लग्न झालेल्या बायकांचं काळं पोलकं विणायला पंधरा दिवस लागतात; लेकीसाठी ते उद्यापर्यंत होणार नव्हतं. पॉ थू म्हणाली, "कात्री आणू? हा झगा नातीपुरता कापू."

"विणलेल्याला कात्री लावतात का कधी? नात केवढी आहे रे?"

सो क्वेने हात मांडीपाशी धरला, मग जरा वर नेला. "एवढं नीट नाही गं बघितलं."

तिने उरलेली शिवण घातली, अंदाजानेच झग्याला आत दुमडी घातल्या आणि कच्चे टाके मारले. "लेकीला सांग, दर वर्षी एक दुमड उसवायची. पोर वाढेल तसा झगा वाढेल."

सकाळी तो गेला. मू ब्लेने लेकीच्या पोलक्यासाठी खांबाला काळं सूत बांधलं, आणि लेकीचं माप विचारायचं राहिलं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.  मग तिने दोरा घेतला आणि स्वतःच्याच खांद्यांवर माप घेतलं.