फणसाच्या फळ्या

फॉस्टिन जेवत नाही, हे मी लोकांना सांगायचं सोडून दिलं आहे. सांगितलं की प्रत्येक जण एक पदार्थ सुचवतो. अहो, माझ्या नवऱ्याला पदार्थ नकोत, त्याला फणसाचा वास हवा आहे. फळाचा नव्हे, लाकडाचा.

जन्मभर त्याने होड्या बांधल्या. मग फायबरच्या होड्या आल्या आणि पडवीतला रंधा गप्प झाला. मागच्या वर्षी अर्धं अंग गेलं. तेव्हापासून पेजेचा चमचा पुढे केला की दात आवळतो, छाती धापा टाकते, चांगला हात थरथरत राहतो. एकदा खिडकीला पाचर हवी म्हणून मी त्याच्याजवळ बसून फणसाची जुनी ढलपी तासत होते. बघते तर श्वास खाली बसलेला, हात निवांत, आणि तोंड चक्क उघडं. त्या दिवशी वाटीभर पेज पोटात गेली.

मग मी रोज उशाशी बसून रंधा मारू लागले. डॉक्टर म्हणाले, "वासाने खातात ना? मग द्या वास. पण खाणं थांबलं तर नाकातून नळी घालावी लागेल." नाकातून! देवा, तेवढंच तर एक दार उघडं राहिलं होतं.

ढलप्या संपल्या. घरात फणस उरला तो माळ्यावरच्या फळ्यांचा, आणि त्या होत्या फॉस्टिनच्या शवपेटीसाठी. त्यांच्या घरात सुतार आपल्या पेटीच्या फळ्या आपणच निवडून वाळवत ठेवतो. त्यांना कोणी हात लावायचा नसतो. मी लावला. मेल्यावरच्या पेटीसाठी जिवंत माणूस उपाशी मारू?

त्यात आमचा मुलगा ॲल्स्टन गोव्याहून आला. फळ्या खाली काढलेल्या बघून त्याला बापाची माया दाटून आली. मी चर्चला गेले होते, तेवढ्यात पठ्ठ्याने सगळ्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं, होडीला चोपडतात तसं. फळ्या काळ्याकुट्ट, घरभर उग्र दर्प. फॉस्टिनने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. पाण्याचा घोटही घेईना.

"वाळवी लागात म्हणान लायलंय गो मम्मा," ॲल्स्टन म्हणाला. "पप्पाचा लाकूड वाया गेला असता."

"अरे शहाण्या, पप्पाच वाया चललो मां!" मी किंचाळले.

बिचारा आचऱ्याच्या लाकडाच्या गिरणीवरून भुशाचं पोतं घेऊन आला. त्यात कसकसली लाकडं! फॉस्टिन खोकून खोकून निळा पडला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, उद्या सकाळी घेऊन या, नळी घालू.

मी फळी खाटेला टेकवली आणि रंधा हातात घेतला. काळा थर निघे, खाली पुन्हा तेल मुरलेलं. बोटांवर फोड आले. ते तेल कातडी भाजतं, हे मला ठाऊक होतं. भाजू दे म्हटलं. ॲल्स्टन माझा हात धरायला आला.

"माका धरू नको, फळी धर!"

त्याने धरली. मी तासत राहिले, रडत राहिले, देवाला नाही नाही ते बोलत राहिले. शेवटी एकदाचं आतलं पिवळं लाकूड दिसलं आणि वास सुटला. गोडसर, कोरडा, पडवीतल्या जुन्या दुपारींचा. माझेच खांदे खाली आले. बऱ्याच वेळाने फॉस्टिनने मान इकडे वळवली. श्वास लांबला. मी चमचा पुढे केला, तर त्याने तोंड उघडलं.

अर्धी वाटी संपली. मग त्याचा चांगला हात फळीकडे गेला. होडीची फळी तपासायचा तशी त्याने तिची कड अंगठ्याखाली दाबून पाहिली.

"पातळ केलंस गो सबीना," तो जड जिभेने म्हणाला. "माका पेलतली मां?"

मी त्याच्याकडे पाहिलं. चादरीखाली माणूस आहे की नाही, कळत नव्हतं.

"पेलतली," मी म्हटलं. "तुझ्यात आता उरला काय पेलूक?"

तो हसला. खरंच हसला, आणि त्याने पुन्हा तोंड उघडलं. ॲल्स्टन उठून बाहेर गेला. मी वाटी पुसून उरलेली पेज फॉस्टिनला भरवली आणि रात्रीच्या जेवणासाठी दुसरी फळी पुढे ओढली.