मार मायचा, गाणं महागूचं

रुख्माबाईची आधीची दोन लेकरं तान्हेपणीच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं महागू ठेवलं. महागाचं लेकरू, देवालाही परवडू नये असं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या शाळेत पोरं त्या नावावरून त्याला नाही नाही ते चिडवत. पण घराच्या मानाने शाळा बरी होती. घरी बाप होता.

प्रेमलाल राइस मिलमध्ये पोती वाहायचा. सुट्टी झाली की आधी गुत्त्यावर, मग घरी. रेल्वे फाटकापलीकडच्या त्या वस्तीत त्याच्या सायकलची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की रुख्माबाई स्टोव्ह बंद करायची, महागूला खाटेखाली सारायची आणि पदर खोचून उभी राहायची. पट्टा खुंटीवरच असायचा. खाटेखालून महागूला फक्त पाय दिसत, बापाचे आणि मायचे. मायचे पाय मागे सरकत नसत.

जरा मोठा झाल्यावर घराबाहेर राहायचं म्हणून तो वस्तीतल्या म्हाताऱ्या दादाजींच्या ऑटोत बसू लागला. दादाजींचा धंदा दवंडीचा. ऑटोवर भोंगा बांधायचा आणि सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कुणाची म्हैस हरवली, ते गावोगाव सांगत फिरायचं. एकदा दादाजींचा घसा बसला आणि माइक महागूच्या हाती आला. पोरानं म्हशीच्या वर्णनालाही यमक जुळवलं. लालबर्र्यापासून हट्ट्यापर्यंत लोक दुकानातून बाहेर येऊन ऐकू लागले.

त्या ऑटोत कुणी तरी एक इंग्रजी कॅसेट विसरून गेलं. ठेक्यावर एक माणूस गात नव्हता, भराभर बोलत होता, आणि भयंकर चिडलेला होता. शब्द एक कळेना. तरी महागू म्हणाला, "दादाजी, हे तं आपलंच काम आहे."

"हौ," दादाजी म्हणाले, "फक्त ह्याले काही विकायचं नाही दिसत."

मिसरूड फुटलं तसा तो नागपूरला पळाला. ऑर्केस्ट्राचे डबे उचलले, लग्नात निवेदन केलं, स्टुडिओच्या जिन्यात झोपला. शेवटी एका छोट्या कॅसेट कंपनीनं त्याचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. सुरुवातीला नुसती सायकलची घंटी वाजायची. मग त्याचा आवाज यायचा, खाटेखालून बोलावं तसा दबका:

"दार लाव, दिवा विझव, बोलू नको काही,
बाप घरी येऊन राह्यला, जागा लपाले नाही.
मायच्या पाठीवर पट्ट्याची रेघ,
आँख बंद कर बेटा, इधर मत देख."

कंपनीचा मालक म्हणाला, नाव बदलू, महागू कोण विकत घेणार? महागू म्हणाला, नाव मायनं ठेवलंय, ते राहील. राहिलं. दोन वर्षांत गाणं पानठेल्यांवर, ट्रकांत, मग टीव्हीवर वाजलं. पुणे, इंदूर, रायपूर, मुंबई, सगळीकडे पोरं त्याच्यासारखी मान तिरकी करून बोलू लागली. मायसाठी त्यानं पक्कं घर बांधून दिलं, फोन बसवला. फोनवर ती "जेवला का" एवढंच विचारायची. बालाघाटला जाणं मात्र तो टाळत राहिला.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात बालाघाटच्याच मैदानावर त्याचा कार्यक्रम ठरला. सकाळी गाडी फाटकापाशी सोडून तो पायी घराकडे निघाला. गल्लीतल्या चार पोरांनी त्याला ओळखलं आणि ती आनंदानं ओरडू लागली, "बाप घरी येऊन राह्यला!" त्यानं हसून हात केला. घरापाशी आला तर खिडकीच्या दोन काचा फुटलेल्या, आणि भर सकाळी दार आतून लावलेलं.

रुख्माबाईनं दार उघडलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, चहा ठेवला. आतल्या खोलीत प्रेमलाल भिंतीकडे तोंड करून बसला होता. अर्धं अंग लुळं पडलेलं.

"काच कोणं फोडली?" महागूनं विचारलं.

"पोरं फोडतेत. तुहं गाणं म्हणतेत अन् गोटे मारतेत. त्याइले वाटते तुले बरं वाटल."

 महागू म्हणाला, "बापाले थोडं समजू दे ना, माय. आपण किती वर्ष दारं लावून बसलो."

"त्याचं नाही सांगून राह्यली मी." रुख्माबाई चुलीपुढून उठली नाही. "मी मिलमध्ये तांदूळ निवडाले जातो तं बाया माह्या पाठीकडे पाहतेत. परवा एकीनं विचारलं, रेघ अजून आहे का, दाखव. बाजारात, लग्नात, जिथं जाईन तिथं माही पाठ माह्या आधी पोचते. मार मी खाल्ला, महागू. गाणं तू केलं. मले विचारलं काय?"

  गाणं मायसाठीच केलं असं महागू जगाला सांगत आला होता, मुलाखतींतही. तिला मात्र कधी ऐकवलं नव्हतं.

आतून प्रेमलालचा जडावलेला आवाज आला, "गाऊ दे त्याले. खोटं नाही त्याच्यात."

"तुमाले कोणी विचारलं नाही," रुख्माबाई म्हणाली. मग पोराकडे वळली. "आज गावात नको म्हणू. बाकी तुही मर्जी."

दिवे लागले तेव्हा मैदान खचाखच भरलं होतं. झाडांवर, भिंतींवर माणसं. महागूनं आयोजक अनुरागला बाजूला घेऊन सांगितलं, ते गाणं होणार नाही. अनुरागचा चेहरा उतरला. "भैया, लोग उसी के लिए आए हैं. स्टेज तोड़ देंगे. पुलिस के कुल छह आदमी हैं मेरे पास."

महागू स्टेजवर गेला. पहिल्या चार गाण्यांना लोक नाचले. पाचव्याला हाका सुरू झाल्या, सहाव्याला त्यांचा घोष झाला. हजारो तोंडांतून एकच ओळ येत होती, बाप घरी, बाप घरी.  अनुरागनं मागून खूण केली असावी, कारण साउंडवाल्यानं अचानक ती टेप लावली. भोंग्यांतून सायकलची घंटी वाजली.

मैदान पेटलं.   भोंगे फाटकाच्या दिशेनं होते. माय आत्ता हे ऐकत असणार, भिंतीला पाठ लावून.

"बंद कर," तो म्हणाला. टेप चालूच. त्यानं जाऊन वायर उपसली.

 मग पुढून एक खुर्ची आली, तिच्यामागून चपला, बाटल्या. एक बाटली त्याच्या भुवईवर बसली. पोलीस दोरीपाशी रेटले जात होते. अनुराग ओरडत होता, उतर, उतर. महागू उतरला नाही. एका हाताने रक्त दाबून तो माइकमध्ये बोलला, हळू, दवंडीसारखा.

"ते गाणं माह्या मायचं आहे. म्यानं तिले न विचारता विकलं. ती नाही म्हणते, तं नाही. ज्याले जायचं त्यानं जावं. ज्याले मारायचं त्यानं मारावं, मी इथंच उभा आहे."

आणखी थोड्या खुर्च्या आल्या. मग कमी झाल्या. अर्धं मैदान शिव्या देत निघून गेलं. उरलेल्यांसाठी तो तासभर बोलत राहिला, भुवईला रुमाल बांधून.

पेपरांनी त्याला घमेंडी म्हटलं. कंपनीनं नोटीस धाडली. ते गाणं त्यानं पुन्हा कुठल्याच स्टेजवर म्हटलं नाही, पण बाजारात गेलेलं परत येत नसतं. पोरांचे गोटे मात्र थांबले. बापाशी तो बोलला नाही. फक्त निघायच्या आधी काचा बसवून घेतल्या.

पुढल्या उन्हाळ्यात तो नवी गाणी घेऊन घरी आला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसला. रुख्माबाई वांगी चिरत होती. तो ठेका मांडीवर धरून एकेक ऐकवत गेला. दुसऱ्या गाण्यात तिनं चिरणं थांबवलं. "हे कापून टाक. हे मीच कोणाले सांगतलं नाही अजून." तिसरं ऐकताना ती हसली. "यात मी उभी राह्यली होती ते टाक ना. पळाली नोती मी."

ती ओळ आली. त्याच गाण्यानं महागू दिल्लीपर्यंत गेला.