पुठ्ठ्यावरचे अकरा स्क्रू

स्क्रू ओला होता, लाळेनं, आणि कोमट. क्रांतीनं तो नंदिनीच्या गालाच्या आतून बोट घालून काढला होता आणि आता तळहातावर घेऊन ती नुसती पाहत होती – बोटाच्या पेराएवढा, आट्यांमध्ये काळं ऑइल साचलेला. चौदा महिन्यांच्या मुलीचा घसा किती रुंद असतो हे तिनं कधीतरी मोबाइलवर वाचलं होतं, आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक बारीक वस्तू ती त्या मापानं मोजत आली होती. बटण, शेंगदाणा, पेनाचं टोपण... आणि आता हा. नंदिनी पडवीत बसून भोकाड पसरत होती, ओठांभोवती काळी मिशी घेऊन. तोंडातलं काढून घेतल्याचा राग. बाकी तिला काही झालं नव्हतं. काही झालं नव्हतं, असं क्रांतीनं स्वतःला तीनदा सांगितलं.

पायरीवर पुठ्ठा होता. साडीच्या खोक्याचं झाकण. त्यावर आबांनी – तिच्या सासऱ्यांनी – काल संध्याकाळी पेन्सिलीनं इंजिनाच्या झाकणाचा आकार काढला होता, आणि एकेक स्क्रू काढून कडेकडेनं त्या पुठ्ठ्यात खोचला होता. अकरा. आबा आता दूध आणायला डेअरीवर गेलेले, आणि पुठ्ठा असा पायरीवर, रांगत्या मुलीच्या हाताशी... क्रांतीनं तो झटक्यात उचलला, इतक्या झटक्यात की तिरका होऊन आणखी चार स्क्रू टणटणत फरशीवर पळाले. मग गुडघे टेकून, मुलीला एका हातानं अडवत, तिनं ते पायरीखालून, चपलांच्या ढिगातून गोळा केले, हातातल्या पाचव्यासकट ओढणीला पुसले आणि रिकाम्या भोकांत खोचून टाकले. मोजले. अकरा. पुन्हा मोजले. एकही कमी नाही. पुठ्ठा तिनं कपाटावर ठेवला आणि मग मोबाइल काढला.

मोबाइलमध्ये एक यादी होती. वर नुसतं ‘आबा’ असं लिहिलेलं. बारा तारीख : दूध उतू गेलं, समोर बसलेले असून. एकोणीस : नंदिनीला ‘पूजा’ म्हणाले, म्हणजे स्वतःच्या मुलीचं नाव, दोनदा. चोवीस : ऋषिराजचा फोन आला का, तासाभरात तीन वेळा विचारलं. तिनं आज लिहिलं : स्क्रू पायरीवर. तोंडात.

ही यादी कुणासाठी, हे तिनं स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं. तिचा नवरा ऋषिराज पठाणकोटला; फोनवर वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा नंदिनीचं तोंड दाखवण्यात जातात. सासूबाई, लीलाबाई, जाऊन दीड वर्ष झालं. आणि येत्या सोमवारपासून क्रांती कुपवाडच्या औषध कंपनीत, प्रयोगशाळेत, पुन्हा कामाला जाणार होती – नमुना घ्यायचा, दोष शोधायचा, सही करायची. दोन वर्षांनी पुन्हा ते पत्र आलं तेव्हा ती देवघरासमोर उभी राहून रडली होती, इतका तिला तो पांढरा कोट हवा होता. आणि आबाच म्हणाले होते, “जा की. पोरगी ऱ्हाईल माज्यापाशी. एकोणीस वर्सं फौजेची इंजनं सांबाळली, येक बारकी पोरगी सांबाळायला हुईना व्हय?” ती हो म्हणाली. आणि त्याच रात्री तिनं यादी सुरू केली.

आबा आले. दुधाची किटली ओट्यावर ठेवून इकडंतिकडं पाहू लागले.

“पुठ्ठा कुठं गेला गं?”

“वर ठेवलाय, कपाटावर.” आणि मग, नको असताना, “नंदिनीच्या हाताशी होता.”

“आर्र...” त्यांचा चेहरा पडला. “बरं केलंस बाळा. लय बरं केलंस.”

बस, एवढंच. सांडल्याचं, खोचल्याचं ती बोललीच नाही. त्यात बोलण्यासारखं काय होतं? अकराचे अकरा होते.

मोटारसायकल अंगणात लाकडी ठोकळ्यावर उभी होती. आबांनी फौजेतून आल्यावर घेतलेली, आता चाळीस वर्षांची. सासूबाई गेल्यापासून ती पत्र्याखाली झाकून होती. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी अचानक ती उघडायला घेतली. का ते आज कळलं, किंवा आज तिनं विचारलं म्हणून कळलं.

“सोमवारपास्नं तू न्हाईस,” झाकणाखाली बसवायचा पॅकिंगचा कागद हातोडीनं झाकणाच्या कडेवर हळूहळू ठोकून कापत ते म्हणाले. “दुपारी पोरीला ताप आला, पडली-झडली, तर पलूसला दवाखान्यात न्यायला नगं का कायतरी? शेजारच्या गुंडाला त्येच्या गाडीसाठी हाका मारत बसू? गल्लीतली रंगुबाई मागं पोरीला घिऊन बसंल. म्या इचारून ठिवलंय तिला.”

क्रांतीनं हे धरलंच नव्हतं – की त्यांनीही ताप धरला होता, पडणं धरलं होतं, की त्यांचीही कुठंतरी एक यादी चालू होती.

पण झाकण बसेना.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पाहत होती. नंदिनी कडेवर, वरणाला फोडणी. हातानं लावलं की झाकण नीट बसत होतं, पण स्क्रू आवळले की खालच्या बाजूला फट राहायची, नखभर, आणि ऑइल घातलं की त्या फटीतून एक काळी रेघ उतरायची. आबांनी सगळे स्क्रू काढले, पुठ्ठ्यात खोचले, झाकण उतरवलं. पॅकिंग पुन्हा कापलं. पुन्हा तेच. कड वाकली असेल म्हणून त्यांनी झाकण काचेच्या तुकड्यावर पालथं घालून डोळा बारीक करून पाहिलं, सपाट. जुनं पॅकिंग चिकटलं असेल म्हणून ब्लेडनं कड खरवडली. आतल्या दोन बारीक खुंट्या चाचपल्या. प्रत्येक वेळी तेच सावकाश हात, आणि प्रत्येक वेळी पुठ्ठ्यावरचा स्क्रू उचलून त्याच्या त्याच्या जागी – न पाहता, जसं आपण न पाहता कुंकवाचा करंडा उचलतो. पुठ्ठ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नाही. तो त्यांनी स्वतः केला होता.

साडेबारा. दीड. जेवायला हाक मारली तर ‘ह्ये येवढं बसवून येतो’. त्यांच्या हाताला किंचित कंप होता. तो कधीपासून होता, हे तिला सांगता आलं नसतं, आणि तरी तिचा अंगठा मोबाइलकडे गेला. इंजिनाचं झाकण. चार तास. जमत नाही... लिहिताना एक विलक्षण गोष्ट घडत होती – प्रत्येक नोंदीबरोबर छातीतलं काहीतरी सैल होत होतं. म्हणजे मी वेडी नाही. म्हणजे मला वाटतं ते खरं आहे. प्रयोगशाळेतही असंच व्हायचं, शंभर चांगल्या नमुन्यांनंतर एक नापास निघाला की भीतीच्या आधी समाधान वाटायचं, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती.

मग ‘टक’ असा आवाज आला. लहानसा, कोरडा. आबांचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

झाकणामागच्या केसिंगचा एक कान तुटला होता – ज्यात स्क्रू जातो तो. आबा तुकडा बोटांत धरून बसून राहिले. शिवी नाही, काही नाही.

चारला रहिमानचाचा आले. त्यांची कुंडलच्या स्टँडजवळ लेथ होती, आणि आबांशी शाळेपासूनची भांडणं. क्रांतीनं फोन करून बोलावलं होतं... मदतीसाठी. की साक्षीसाठी?

“काय रं हवालदार, लढाई हारलास व्हय?” सायकल लावतालावताच ते म्हणाले. “सकाळधरनं ठोकाठोकी आयकतोय स्टँडवर.”

“तुज्या कानात सायकलची घंटी वाजत आसंल,” आबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

रहिमानचाचांनी झाकणाला हात लावून हलवलं. मग कान लावला. मग हसले. “स्क्रू टाइट हाय, पन झाकान हालतंय. म्हंजी काय? स्क्रू तळाला जाऊन टेकलाय गड्या, झाकनाला दाबतच न्हाई. लांब स्क्रू आखूड भोकात घातलायस.” त्यांनी पाच स्क्रू काढले आणि ओट्यावर ओळीनं उभे केले. त्यांची उंची वेगवेगळी होती. इतकी उघड वेगवेगळी, की क्रांतीला तिथं उभ्याउभ्या कानशिलात गरम वाटलं.

“हे बघ. वरचे लांब खाली गेल्यात, खालचे आखूड वर. डोस्कं खड्ड्यात जातंय म्हनून दिसलं न्हाई. आन तू वरनं जोर केलास.”

“पुठ्ठ्यातनंच लावल्यात,” आबा म्हणाले.

“मग पुठ्ठ्यात खवतानाच चुकलास. हुतं रं! परवा म्या नमाजाला निगालो तर एका पायात माजी चप्पल, दुसऱ्यात मेहरुनबीची. आक्की गल्ली हसली. तुजं तर नुस्तं झाकान हाय.” केसिंग बघून, कान जोडून देतो, सोमवारी ये, असं म्हणून ते गेले. जाताना नंदिनीच्या गालाला हात लावून गेले.

आबा हसले नव्हते.

पाच स्क्रू. एक नंदिनीच्या तोंडातला, चार पायरीखालचे. क्रांती उंबऱ्यात उभी होती आणि तिला पुठ्ठा दिसत होता, पेन्सिलीचा आकार, त्या आकारावर नेमकी टोचलेली भोकं – इतकं सरळ, की तो नकाशा आहे हे कुठल्याही शाळेतल्या पोराला कळलं असतं. आणि मी एमएस्सी. मी आकडा मोजला, दोनदा. लांबी बघितली नाही. मला वाटलं, हरवू नयेत म्हणून खोचलेत...

आबांनी रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं. टॉवेलनं एकेक बोट पुसत ते म्हणाले,

“क्रांती. पोरीला माज्यापाशी ठिवू नगंस.”

त्यांनी टॉवेल उलटा करून पुन्हा बोटं पुसली.

“म्या बगतोय कवाधरनं. दूध उतू जातं. नाव चुकतंय. वाटायचं, हुतंय वयानं. पन ह्ये हातातलं काम हाय माज्या. झोपेत केलं आसतं. पुठ्ठ्यात चुकलो म्हंजी...” ते थांबले. “तुला बोलायला कसं हुनार? ऋषीला म्याच सांगतो आज.”

पहिल्यांदा आली ती सुटका. तिनं ती अंगात उतरताना अनुभवली, खांद्यांवरून खाली, गार पाण्यासारखी – जे मला म्हणता येत नव्हतं ते त्यांनीच म्हटलं, कुणी वाईट झालं नाही, पाळणाघर बघू नाहीतर वडूजहून आईला आणू, सगळं सुटलं. नुसतं गप्प बसायचं. दोन श्वास ती तशी गप्प बसलीही. मग तिला त्यांचा टॉवेल दिसला, आणि स्वच्छ झालेली, तरी पुसतच राहिलेली बोटं.

“आबा,” ती म्हणाली. “तुम्ही नाही चुकलात. सकाळी पुठ्ठा माझ्या हातून सांडला. पाच स्क्रू निघाले होते. मीच परत खोचले, मला माहीत नव्हतं जागा ठरलेल्या असतात म्हणून.”

त्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. आणि मग त्यांचा चेहरा मऊ झाला.

“लीला बी आसंच करायची,” ते म्हणाले. “भाजीत म्या दोनदा मीठ घातलं की म्हनायची, मीच घातलं. माजी बाजू घिऊ नगंस बाळा. म्या काय रागावलो न्हाई.”

“खरंच आबा –”

“बरं बरं.”

नंदिनी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले. आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि आपले हात मागं नेले. “आईकडं जा,” ते म्हणाले. “आईकडं जा बाळा.”

ती गेली नाही. हात तसेच वर. आणि क्रांतीच्या कानात आपलंच वाक्य पुन्हा वाजलं, शब्द न् शब्द खरं, आणि आवाज... तो आवाज तिला ओळखू आला. खालच्या पट्टीतला, गोड. म्हाताऱ्यांची समजूत घालताना लावतात तो. सांगितल्यासारखं होईल आणि पटणार नाही, असा. मी तो मुद्दाम लावला का? कपाळावर हात मारून, ओरडून, चूक कबूल करणाऱ्या माणसासारखं सांगता आलं असतं. लगेच पटलं असतं. पटलं असतं तर सोमवारी दार ओढून घेऊन, त्या दोघांना आत ठेवून, मला जावं लागलं असतं... पाठीमागं बांधलेले ते हात आणि वर केलेले हे हात, मध्ये वीतभर हवा. आणि ती उंबऱ्यात उभी, घशात दुसरा आवाज शोधत – मोठा, ओबडधोबड, या घरात तिनं अजून एकदाही न लावलेला – आणि तो सापडावा अशी आपली खरोखर इच्छा आहे की नाही, हेच तिला कळेना.