अक्रोडाची ती आणि प्लास्टिकची मी

आधीच सांगून टाकते मित्रांनो, माझ्यात पाहण्यासारखे काही नाही. मी एक जुनी, स्वस्तातली शिकारीची रायफल आहे. माझा दस्ता काळ्या प्लास्टिकचा, नळी साधी, आणि खांद्याला अडकवायचा पट्टा तर कुठल्याशा जुन्या पिशवीचा काढून लावलेला. फिनलंडच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात, तळ्याकाठच्या घरात, पोलादी कपाटात मी राहते. माझ्या शेजारी अक्रोडाच्या लाकडाची एक देखणी रायफल उभी असते. माझी गोष्ट तिला वगळून सांगता येत नाही, हे माझे दुर्दैव की सुदैव ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी सरकत्या पट्ट्यावरून माझ्या पुढे-मागे जात होत्या. आमच्या दस्त्यावरून कुणी मायेने हात फिरवला नाही. एका माणसाने माझ्यातून दोनचार गोळ्या झाडल्या, कागदावरची भोके पाहिली आणि जांभई देत "चालेल" म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मला विकत घेतले कालेर्वोकाकांनी. ते जंगलात लाकूडतोडीचे काम करीत. सारे गाव त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणते. पानगळ सुरू झाली की गावची शिकारमंडळी मूस मारायला निघते. मूस म्हणजे घोड्याहून उंच असे हरीण. ते मिळाले की सगळ्यांच्या घरी हिवाळ्याचे मांस येते. कुत्रा जनावर उठवतो, आणि माणसे आपापल्या ठरलेल्या जागी गप्प उभी राहतात. काकांची जागा दलदलीच्या काठावर, एका वाकड्या पाइनच्या झाडाखाली होती. त्यांच्या आधी तिथे त्यांचे वडील उभे राहत. त्या झाडाखाली मी पावसात भिजले, चिखलात लोळले, आणि एकदा तर होडीतून थेट तळ्यात पडले. काकांनी मला बाहेर काढले, पाणी निथळवले, पुसले, आणि मी पुन्हा कामाला लागले. "हिला काही होत नाही," असे ते चारचौघांत सांगत. तेव्हा आपण प्लास्टिकच्या आहोत याचे मला काही वाटत नसे.

मग काकांचे नेम चुकू लागले.

एकदोनदा लोक हसले. पण एका वर्षी काकांची गोळी मूसच्या पोटात लागली आणि ते जनावर तसेच रानात पळाले. जखमी जनावर रानात सोडून घरी येणे, याच्याइतकी लाजेची गोष्ट आमच्याकडे नाही. कुत्र्याने माग काढला, पण ते सापडले दुसऱ्या दिवशी. मंडळीची प्रमुख हिल्का ही गावच्या शाळेत स्वयंपाक करते. बाई बोलायला सरळ आहे. तिने सगळ्यांसमोर सांगितले, "काका, राग मानू नका. पण पुन्हा असं झालं, तर पाइनखालची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

"मला काय झालंय?" काका म्हणाले. "हिची नळी झिजलीय. स्वस्तातला माल, दुसरं काय होणार?"

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. माझी नळी झिजलेली नव्हती, मित्रांनो. पण आम्हाला तोंड आहे ते एकाच प्रकारचे, आणि त्याने खुलासे करता येत नाहीत.

त्याच हिवाळ्यात काकांनी घरामागच्या रानातली उभी झाडे विकली आणि एका नावाजलेल्या कारागिराकडून नवी रायफल बनवून घेतली. ती आली तेव्हा सारे गाव बघायला लोटले. अक्रोडाच्या लाकडात तपकिरी रेघा पाण्यासारख्या वाहत होत्या. वर बसवलेली दुर्बीण इतकी मोठी की माझी तिच्यापुढे खेळण्यातली वाटावी. मला हेवा वाटला. खोटे कशाला बोलू?

आणि मी? मला काकांनी पुतणीच्या हातात दिले. रायली तिचे नाव. ती गावोगावचे दूध गोळा करणारी टँकरगाडी चालवते. तिला नुकतेच मंडळीत घेतले होते. "घे पोरी," काका म्हणाले, "नवशिक्याला पुरे आहे ही." रायलीने मला हातात तोलून पाहिले आणि म्हणाली, "हलकी आहे की काका. दिवसभर खांद्यावर बरी." उतरलेले कपडे दुसऱ्याला द्यावेत तसे मला दिले गेले होते, पण तिच्या त्या एका वाक्याने माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

उन्हाळ्यात मैदानावर नेमबाजीची परीक्षा झाली. ती दर तीन वर्षांनी द्यावी लागते. काकांची आधीची अजून चालू होती, म्हणून ते नुसतेच नवी रायफल मिरवायला आले होते. रायली माझ्यासह पहिल्या फेरीत पास झाली. मंडळीत तौनो नावाचा एक सुतार आहे. त्याला कळ लावल्याशिवाय जेवण पचत नाही. तो म्हणाला, "आता दोघींची कुस्ती लावा की. बघू तरी, रान विकून काय मिळालं ते."

रायलीने एका कागदावर माझ्यातून गोळ्या झाडल्या, दुसऱ्यावर तिच्यातून. मग सगळे कागदांवर वाकले. दोन्हीकडची भोके सारखीच जवळ होती, फरक असलाच तर नखाएवढा.

"काका, हिचा चाप काय मऊ आहे हो," रायली म्हणाली. "आणि काच तर लखलखीत. संधिप्रकाशात हिचाच उपयोग जास्त."

"बघ, मी काय म्हणत होतो," काका खुशीत म्हणाले.

"पण जड आहे. आणि हिला घेऊन दलदलीत उतरायचं म्हणजे माझा जीव जाईल. ओरखडा पडला तर?"

"आणि मूसला किंमत वाचता येते का?" तौनोने मध्येच विचारले. हिल्काने त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला, म्हणजे तरी तो गप्प बसेल. काकांना दोनचार जणांनी आग्रह केला, पण त्या दिवशी त्यांनी एकही गोळी झाडली नाही. वारा फार आहे, म्हणाले. झाडाचे पानही हलत नव्हते.

शिकारीचे दिवस आले. त्यांच्या अखेरीस एका सकाळी अशी थंडी पडली की बर्फ पायाखाली करकर वाजत होते. आमच्याकडे एक नियम आहे. कॉफी प्यायला माणसे लाकडी झोपडीत जातात, पण बंदुका रिकाम्या करून बाहेर वळचणीखालच्या खुंट्यांवरच टांगून ठेवायच्या. गार लोखंड उबेत नेले की त्याला आतून घाम सुटतो, आणि पुन्हा बाहेर आणले की तो घाम गोठतो. हा नियम गावातल्या निम्म्या लोकांना काकांनीच शिकवला होता. रायलीलाही.

पण त्या दिवशी काकांनी अक्रोडीला छातीशी धरून आत नेले.

"काका, बाहेर राहू द्या ना तिला," रायली म्हणाली.

"तुझं प्लास्टिक राहील बाहेर. हे लाकूड आहे, पोरी. तडकलं तर?"

आत चुलीपाशी बसून काकांनी तिला फडक्याने पुसले, दुर्बिणीच्या काचा पुन्हा पुन्हा पुसून लख्ख केल्या. उघड्या दारातून मला सारे दिसत होते. वरचे सगळे कोरडे झाले. आतले मात्र फडक्याच्या हाती लागणारे नव्हते. नाजूक मुलाला मफलर बांधून पायात ओले मोजे ठेवावेत, तशातली ती माया होती.

दुपारी काका आपल्या पाइनखाली उभे राहिले. रायली दलदलीच्या पलीकडच्या कडेला होती. तुइस्कू, म्हणजे मंडळीचा कुत्रा, भुंकू लागला आणि एक मूस मादी झाडीतून बाहेर आली, काकांच्या अगदी समोर. तिच्या पोटाशी पिल्लू चालत होते.

पिल्लू बरोबर असेल तर आईवर गोळी झाडायची नाही. एकटे पिल्लू हिवाळा काढू शकत नाही. हा कायदा आहे, आणि त्याच्याही आधीपासूनची रीत आहे. काका हे जाणत नव्हते असे नाही. तरी त्यांनी रायफल उचलली आणि मादीवर रोखली. त्याच दिशेला काका असल्यामुळे रायलीने मला खांद्यावरून उतरवलेही नाही. तिने ओरडायला तोंड उघडले, तेवढ्यात काकांनी चाप ओढला.

नुसता बारीक टक असा आवाज आला. मादी आणि पिल्लू शांतपणे झाडीत निघून गेली.

रायली धावत पलीकडे गेली. काका गोळी आत सरकवायचा बोल्ट मागे-पुढे करत होते. "गोठली," ते म्हणाले. "आतली सुई गोठली, गोळीवर आपटलीच नाही. मीच मूर्खासारखी चुलीपाशी नेली."

"बरं झालं गोठली."

"म्हणजे?"

"पिल्लू होतं, काका."

काकांचे हात थांबले. "झाडीत होतं?"

"नाही. तिच्या पोटाशी होतं. उघड्यावर."

काका पुढे गेले. बर्फात दोन माग उमटले होते, एक मोठा आणि शेजारी एक लहान. काका गुडघ्यावर बसले आणि लहान खुराच्या ठशावर त्यांनी हात ठेवला. मग त्यांनी विचारले, "हिल्काला सांगणार आहेस?"

"जागा तुमची आहे," रायली म्हणाली. "सांगायचं ते तुम्ही सांगा."

संध्याकाळी झोपडीत दुपारच्या प्रसंगाची चौकशी झाली. काकांनी गोठलेल्या सुईचे सांगितले, पिल्लाचे नाही. "अख्खं रान विकून बर्फाची कांडी आणलीत की काका," तौनो म्हणाला. सगळे हसले, काकाही हसले. म्हणाले, "माणूस करणार काय? बंदूकच दगाबाज निघाली."

अक्रोडी माझ्या शेजारच्याच खुंटीवर होती. मागच्या वर्षी असेच शब्द मी ऐकले होते, आज तिच्या वाट्याला आले. तोवर मी तिला मनातून पुष्कळ नावे ठेवली होती. त्या संध्याकाळी मला तिच्याविषयी पहिल्यांदा वाईट वाटले.

पुढच्या आठवड्यात काका रायलीच्या दुधाच्या गाडीत बसून शहरात गेले. कशाला, ते त्या दोघांनाच ठाऊक होते.

त्यानंतरच्या शनिवारी रायलीने एका गोळीत एक तरुण नर पाडला, आणि वाटपाचा दिवस आला. आमच्याकडे मांसाचे ढीग लावतात. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे कुठला ढीग कसा आहे ते त्याला दिसू नये. दुसरा काठीने ढीग दाखवून "हा कुणाचा" विचारतो, आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. मग कुणाला चांगला वाटा मिळाला यावर भांडण होत नाही. भिंतीकडे तोंड करण्याचा मान काकांचा होता. आम्ही दोघी दाराजवळ टांगलेल्या होतो.

"हा कुणाचा?" हिल्काने विचारले.

"तौनोचा."

"हा?"

"रायलीचा."

एकेक ढीग उचलला गेला. शेवटी एकच उरला आणि एकच नाव उरले.

"हा कुणाचा, काका?"

हिल्काने पुन्हा विचारले. तेव्हा भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "त्या दिवशी बंदुकीचा दोष नव्हता. मादीच्या पोटाशी पिल्लू होतं. ते मला दिसलं नाही. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय, डॉक्टर म्हणतात. आता यायचा नाही." मग म्हणाले, "आणि त्या जुन्या काळ्या रायफलीचीही नळी झिजलेली नव्हती. ते मी उगाच म्हणालो होतो."

तौनोने डोक्यावरची टोपी काढली. प्लास्टिकला पाझर फुटत नाही, मित्रांनो, नाहीतर त्या दिवशी माझी फजिती झाली असती.

"मी विचारलं, हा वाटा कुणाचा," हिल्का म्हणाली.

"गोळी न झाडणाऱ्याला कसला वाटा? पाइनखालची जागा आता रायलीला द्या."

"देऊ. पण तुइस्कूला घेऊन रानात फिरायला माणूस लागतोच ना? आणि त्याला पूर्ण वाटा असतो. सांगा लवकर, हात गारठले माझे."

काकांनी भिंतीकडचे तोंड वळवले नाही.

"मग माझा," ते म्हणाले.

आता आम्ही दोघीही रायलीच्या कपाटात असतो. पावसात आणि दलदलीत ती मला नेते, कोरड्या संधिप्रकाशात अक्रोडीला. आमच्यात चांगली कोण, असे तुम्ही विचाराल, तर तिचा चाप मऊ आहे आणि माझे ओझे कमी आहे, याहून जास्त मला सांगता येणार नाही. विनवणी मात्र दोघींची एकच आहे. आम्हाला पुसा, कोरडे ठेवा, आमचे फार लाड करू नका. आणि काम बिघडले, तर आमच्यावर ठपका ठेवण्याआधी एकदा स्वतःकडे बघा. तरीही दोष आमचाच निघाला, तर तो आम्ही निमूट ऐकून घेऊ.

काका आजही झोपडीत कॉफी प्यायला येतात. आत जाण्याआधी ते कुत्र्याला बांधतात, वळचणीखाली थांबतात, आणि आम्ही दोघी खुंटीवर नीट आहोत ना हे डोळ्यांवर विसंबून न राहता हाताने चाचपून बघतात. आधी तिला, मग मला.