तीन मजल्यांची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. कडेला वेत सुटलाय, तळाला कापडाचं ठिगळ आहे. पण कान शाबूत आहेत आणि तोंडाने मी पहिल्यापासूनच फटकळ आहे.

बुरडाने मला विणलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दोरी बांधून कामाला जुंपलं. इमारत जुनी, जिना अंधारा, काकूंचे गुडघे कुरकुरे. त्यामुळे दिवसभर माझं वरखाली चाले. भाजी, किल्ल्या, औषधं, तळमजल्यावरच्या शिंपीदादांकडे उसवलेले कपडे. आमच्याकडे एक रीत होती: टोपली रिकामी वर पाठवायची नाही. काही नसलं तर शिंपीदादा एखादं बटण तरी टाकत. काकू म्हणत, "ही टोपली म्हणजे माझा तिसरा हात." ते ऐकून मी अशी फुगायचे की वेत करकरायचा.

मग आमची आणि आजूबाजूची सगळी घरं पाडून तिथे मोठं गृहसंकुल उभं राहिलं. मी काही जुन्याचे गोडवे गाणारी नाही हं. गळकं छत गेलं, उत्तमच झालं. नव्या घरात ऊन आहे, नळाला पाणी आहे, लिफ्ट आहे. शिंपीदादांना खालीच दुकान मिळालं, काकूंना अकरावा मजला. पण जुने शेजारी वेगवेगळ्या इमारतींत पांगले आणि काकूंच्या मजल्यावरची दारं कायम बंद. मी माळ्यावर धूळ खात पडले.

एक दिवस काकूंनी मुलीला फोनवर सांगितलं, "येते मी तुझ्याकडे, कायमची. इथे माझं आहे कोण?"

मुलीच्या घरी मला कोण विचारणार?

सामान बांधताना काकूंना उशीचा उसवलेला अभ्रा दिसला. जित्याची खोड! त्यांनी मला खाली काढलं, अभ्रा टाकला आणि खिडकीतून सोडलं. "शिंपीदादा, अभ्रा आलाय हो!" दोरी तीन मजल्यांची आणि आपण अकराव्यावर, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी आठव्या मजल्यावरच्या खिडकीसमोर लोंबकळत राहिले.

तिथे एक डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. मला पाहून त्यांनी कप खाली ठेवला. मग अभ्रा उलटसुलट बघून त्या हसल्या. "रोज माणसं शिवते, या अभ्र्याने काय घोडं मारलंय?" त्यांनी टाके घातले, वर चार लिंबं टाकली आणि दोरीला हिसका दिला. रीत त्यांना कोणी सांगितली नव्हती.

काकूंनी टाके निरखले. "सुटे सुटे, प्रत्येकाला गाठ. हा शिंपीदादांचा हात नव्हे, ही तर गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला घातली होती तशी शिवण!" त्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "कोण गं खाली?"

"आठवा मजला! काकू, दोरी तोकडी पडली तुमची."

काकू लिफ्टने आठव्यावर गेल्या, त्या संध्याकाळीच परतल्या. आल्या आल्या बांधलेली बॅग सोडली आणि मुलीला फोन लावला. "तूच ये चार दिवस. मला इथे कामं आहेत."

दोरी तोकडी पडल्याचं कळताच शिंपीदादा लांब दोरी घेऊन आले, तर काकूंनी ती परत केली. "तुमच्याकडे यायला लिफ्ट आहे की. ही दोरी जिथवर पुरते, तिथवर बरोबर आहे."

मित्रांनो, घरं खुशाल नवी बांधा, उंच बांधा. फक्त एखादी जुनी दोरी जपा, आणि खिडकीसमोर टोपली आली तर ती रिकामी पाठवू नका. काल नवव्या मजल्यावरून एक अनोळखी हात बाहेर आला. घरात दुसरं काही नसावं बहुधा. त्याने माझ्यात एक बटण टाकलं.