अर्धवट राहिलेला टोमणा

यज्ञेश्वर पेंडसे म्हणजे महा तोंडाळ माणूस. सकाळीच छातीत दुखलं, तरी स्वारीने अंघोळ केली, पूजा आटोपली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि मग कुठे बायकोच्या हट्टाखातर स्वारी हॉस्पिटलात आली. असा गुळगुळीत दाढी केलेला पेशंट बघून कोणाला वाटेल हो, याला काही झालंय?

डॉक्टर शेफालीलाही वाटलं नाही. कॅज्युअल्टीत आलेल्यांपैकी कोणाला ठेवून घ्यायचं आणि कोणाला घरी धाडायचं, हे ठरवणं तिचं काम. ईसीजी ठीक आला होता. पित्ताची गोळी लिहून द्यायला तिने पेन उचललं.

"बघ, सांगत नव्हतो?" यज्ञेश्वर बायकोला म्हणाले. मग शेफालीकडे वळले. "अहो डॉक्टर, तुमच्या या खुर्च्यांवर बसून धडधाकट माणूससुद्धा..."

आणि थांबले. सदऱ्याचं वरचं बटण चाचपडत राहिले.

"धडधाकट माणूससुद्धा काय?"

"जाऊ द्या."

त्यांच्या बायकोचा, सत्यशीलाबाईंचा, चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टर, जन्म काढलाय मी यांच्याबरोबर. टोमणा अर्धा सोडून 'जाऊ द्या' म्हणणारा माणूस नाही हा!"

 शेफाली सदाशिव पेठेत वाढलेली, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको होतं. तिने पेन खाली ठेवलं आणि वरिष्ठांना, सलिल सरांना, फोन लावला.

"पहिला ईसीजी नॉर्मल आहे ना?" सर वैतागले. "वर एकच बेड उरलाय. टोमणा पूर्ण केला नाही म्हणून ॲडमिट करणार?"

"हो सर, करणार. बेड अडवून ठेवा. ईसीजी पुन्हा काढतेय."

तेवढ्यात यज्ञेश्वर उठले. "मी निघालो."

शेफाली दारात आडवी उभी राहिली. "खुशाल निघा. आधी माझ्याशी कडाकडा भांडून दाखवा."

त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही, कपाळावर घाम मात्र डवरला. तिने त्यांना धरून आडवं केलं. दुसऱ्या ईसीजीने शंकाच ठेवली नाही. हार्ट अटॅक होता.

मग जी धावपळ उडाली! स्ट्रेचर लिफ्टकडे निघालं. "वेळेत सापडलंय," शेफाली सोबत धावत म्हणाली. "आता आम्ही तुम्हाला सोडत नाही."

यज्ञेश्वरांनी तिचं मनगट पकडलं. "भीती वाटतेय हो मला," ते पुटपुटले. "हिला सांगू नका."

सत्यशीलाबाई पलीकडच्या बाजूने स्ट्रेचरला धरूनच चालत होत्या.

"मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याचा दुसरा हात घट्ट धरला.